‘सेवा करा’ म्हणजे नेमके काय करायचे?

या महिन्याच्या टपालातून निवडलेल्या पाच पत्रांपैकी तीन पत्रांत एक वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत आले आहे : ‘डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या आणि सेवा करा.’ रुग्णालयाच्या जिन्यात हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि तरुणपणी स्वतः उच्चारलेही आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कणवच असते. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच कळते की उपचार संपले. सेवा म्हणजे कोणते औषध किती वाजता द्यायचे, रात्री दम लागला तर काय करायचे, जेवण नको म्हटले तर आग्रह करायचा की नाही, हे कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते बहुतेक वेळा कोणी शिकवलेले नसते. गंभीर आजारी माणसाचा त्रास कमी करणाऱ्या आणि त्याच्या घरच्यांना सोबत घेऊन चालणाऱ्या वैद्यकशाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत ‘उपशामक उपचार’ हा शब्द आता रुळू लागला आहे. हा संपूर्ण स्तंभ या वेळी त्याच विषयाला दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील त्यांतून काढले आहेत.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना तोंडाचा कर्करोग आहे. पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून वर्षभर फेऱ्या केल्या, शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झाले. आता आजार परत उलटला आहे. वेदनेमुळे त्यांना रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या, पण माझे पती म्हणतात की ही अफूची गोळी आहे, सवय लागेल, आणि ती सुरू झालेला माणूस महिन्याभरात जातो. गोळ्या कपाटात आहेत आणि सासरे कण्हत आहेत. मी काय करावे?
– एक सून, पंचवटी

उत्तर : गोळ्या कपाटात राहू देऊ नका. ज्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या त्यांना आजच फोन करून मात्रा आणि वेळा पुन्हा विचारून घ्या, सासऱ्यांना मूत्रपिंडाचा किंवा श्वसनाचा जुना आजार असल्यास तोही सांगा, आणि त्यांच्या सल्ल्याने आज रात्रीपासूनच सुरुवात करा.

तुमच्या पतींची भीती अनेक घरांत असते आणि ती त्यांना वडिलांविषयीच्या काळजीतूनच वाटते आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी हे उत्तर त्यांना वाचायला द्या. नशेसाठी अफू खाणारा माणूस हळूहळू घरादारातून उठतो. वेदनेसाठी योग्य मात्रेत मॉर्फीन घेणारा रुग्ण मात्र औषध लागू पडले की उशीला टेकून बसतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. काही आठवड्यांनी शरीराला औषधाची सवय होते हे खरे आहे, आणि म्हणूनच ते एकाएकी बंद करायचे नसते. पण यालाच व्यसन म्हणत नाहीत. राहिला प्रश्न महिन्याभरात माणूस जाण्याचा. आपल्याकडे मॉर्फीन इतक्या उशिरा, अगदी अखेरच्या दिवसांत सुरू केले जाते की गोळी आणि मृत्यू हे लोकांच्या डोळ्यांसमोर एकामागोमाग येतात आणि दोष गोळीच्या माथी बसतो. थोड्या मात्रेपासून सुरू करून वेदनेच्या प्रमाणात वाढवत नेलेले मॉर्फीन आयुष्य कमी करत नाही.

साधी गोळी असेल तर तिचा परिणाम साधारण चार तास टिकतो. त्यामुळे ती दुखायला लागल्यावर न देता घड्याळाप्रमाणे द्यायची असते, म्हणजे वेदना डोके वर काढण्याआधीच पुढची मात्रा पोहोचते. मधेच कळ आली तर जादा मात्रा किती द्यायची आणि रात्रीची मात्रा कशी जुळवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. एक वही करा : वेळ, गोळी, आणि शून्य ते दहा या मापात सासऱ्यांनीच सांगितलेला वेदनेचा आकडा. ही वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना कोणत्याही अहवालाइतकी उपयोगी पडेल. बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला होते, म्हणून रेचक औषध पहिल्या दिवसापासूनच हवे. मळमळ आणि ग्लानी पहिले काही दिवस असते. त्या झोपेत कित्येक रात्रींचे जागरणही भरून निघत असते. मात्र हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना कळवा. गोळ्या कुलपात ठेवा; तेवढ्यापुरती तुमच्या पतींची सावधगिरी बरोबर आहे.

डॉक्टरही हे औषध देताना कचरतात, त्यामागे इतिहास आहे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची अशी गुंतागुंत झाली की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले, आणि डॉक्टरांची एक पिढी ते कधी न लिहिता निवृत्त झाली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी प्रक्रिया सोपी झाली. कायदा बदलला, पण हाताला वळण नाही ते नाहीच. तुमच्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली, यासाठी मी त्यांचे मनापासून कौतुक करतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण अशा घरांत ती असते. तोंडाच्या जखमेला दुर्गंधी येऊ लागली की रुग्ण स्वतःच खोलीचे दार लावून घेतो आणि नातवंडांना जवळ येऊ देत नाही. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर लावल्याने हा वास बराच कमी होतो. औषध स्वस्त आहे. लावायचे कसे, हे डॉक्टरांना किंवा परिचारिकेला प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

प्रश्न : उपशामक उपचार फक्त कर्करोगासाठी असतात का? माझ्या वडिलांना फुप्फुसांचा जुना आजार आहे आणि चार पावले चालले तरी दम लागतो.
– सिडको

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या उपचारांची गरज असते आणि त्यांतील सुमारे १४ टक्क्यांनाच ते मिळतात. गरज असलेल्या प्रौढांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचे रुग्ण कर्करोगाच्या रुग्णांपेक्षाही थोडे अधिक आहेत. वडिलांची चालू औषधे आणि पंप सुरूच ठेवा. दम लागेल तेव्हा त्यांना समोर उशी ठेवून किंचित पुढे वाकून बसवा, खिडकी उघडा आणि छोटा पंखा थेट चेहऱ्यावर वारा येईल असा धरा. वाऱ्याचा हा उपाय साधा वाटला तरी परिणामकारक आहे. एवढ्याने भागत नसेल तर दम कमी वाटावा म्हणून अगदी अल्प मात्रेत मॉर्फीन देता येईल का, हे छातीच्या तज्ज्ञांना विचारा. स्वतःहून मात्र देऊ नका.

प्रश्न : आईच्या पोटात गाठ निघाली आणि ती यकृतापर्यंत पसरली आहे. आम्ही तिघा भावंडांनी डॉक्टरांना सांगून ठेवले आहे की आईला कळू द्यायचे नाही. केसपेपर आम्ही लपवतो. तिला अल्सर आहे असे सांगितले आहे. ती खचेल ही भीती आहे. पण आता ती आमच्याशी फारशी बोलतच नाही. आमचे चुकले का?
– निफाड तालुक्यातील एक वाचक

उत्तर : तुम्ही आईवरील मायेपोटी हे केले आहे, त्यामुळे चूक हा शब्द मी वापरणार नाही. पण ती बोलत का नाही, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तिघे भाऊबहीण आळीपाळीने रजा घेऊन येत आहेत, लांबचे नातेवाईक एकाएकी भेटायला लागले आहेत, फाइल दिसताच कोणी तरी ती उशीखाली सरकवते; जिने तुम्हाला वाढवले त्या बाईला यातून काहीच उमगत नसेल, असे तुम्हाला खरोखर वाटते का?

अनेक वर्षांपूर्वी मी एका आजींवर उपचार करत होतो. घरच्यांनी त्यांना ‘आतड्याला सूज आहे’ असे सांगितले होते. एका दुपारी घरचे डबा आणायला गेले असताना त्यांनी परिचारिकेला विचारले, ‘‘मला एकदा वणीच्या गडावर न्यायला सांगशील का माझ्या पोराला? नवसाची साडी राहिली आहे. मी विचारलं तर त्याला रडू येईल.’’ आजाराचे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि तरी त्यांना सगळे माहीत होते. मुलाला त्रास होऊ नये म्हणून त्या गप्प होत्या आणि आईला त्रास होऊ नये म्हणून मुलगा. त्या गडावर जाऊन आल्या. विचारायला आणखी दोन आठवडे लागले असते तर प्रवास झेपला नसता.

म्हणून सांगावे की सांगू नये, हा प्रश्न बाजूला ठेवून आईला काय जाणून घ्यायचे आहे, हे आधी विचारा. कामाची गडबड नसताना तुमच्यापैकी जो तिच्या सर्वांत जवळचा असेल त्याने तिच्याजवळ बसून म्हणावे, ‘‘आई, तुझ्या आजाराबद्दल तुला काय वाटतं? डॉक्टरांना काही विचारायचं आहे का, की ते सगळं आम्हीच बघावं असं तुला वाटतं?’’ काही माणसे खरोखरच म्हणतात की मला काही सांगू नका, तुम्हीच पाहा. तो त्यांचा अधिकार आहे आणि तो पाळावा. पण ती विचारू लागली तर खोटे बोलू नका. एकदम सगळे सांगण्याचीही गरज नसते. ती जेवढे विचारेल तेवढेच, तिच्या गतीने सांगा. आणि त्याच बोलण्यात, दुखणे आम्ही अंगावर काढू देणार नाही आणि तुला एकटी सोडणार नाही, हेही सांगा. ती खचण्याची तुम्हाला भीती आहे. ती रडेल, हे बहुधा खरे आहे; त्या रडण्यानंतर तिचे तुमच्याशी बोलणे पुन्हा सुरू होईल, असे माझा अनुभव सांगतो.

प्रश्न : मी मेडिसिन विभागात दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. माझ्या वॉर्डात रोज असे रुग्ण येतात ज्यांचा आजार बरा होणार नाही. राऊंडच्या वेळी त्यांच्या खाटेपाशी आम्ही सर्वांत कमी थांबतो. नातेवाईकांना सांगण्याचे काम वरिष्ठ माझ्याकडे सोपवतात. मला हृदयाच्या झडपांचे आवाज ओळखायला शिकवले, पण हे कोणी शिकवले नाही. परवा एका तरुण रुग्णाच्या पत्नीला सांगितल्यावर मी ड्युटी रूममध्ये जाऊन रडलो. मी या पेशाला अपात्र आहे का?
– एक निवासी डॉक्टर, नाशिक

उत्तर : तुम्ही रडलात, त्याअर्थी अजून तुम्हाला समोरचा माणूस दिसतो. अपात्रतेची शंका मनातून काढून टाका आणि माझी एक आठवण ऐका. मी निवासी डॉक्टर असताना एका शेतकऱ्याला, त्याच्या पत्नीचा अहवाल हातात धरून, लिफ्टच्या दारापाशी उभ्या उभ्या सांगितले होते, ‘‘पसरलेलं आहे, आता काही उपयोग नाही, घरी न्या.’’ तो ‘बरं’ म्हणाला, हात जोडले आणि निघून गेला. तिला वेदनेसाठी काय द्यायचे हे मी सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. ते ‘बरं’ मला आजही ऐकू येते. मी दुष्ट नव्हतो. कमरेतून पाणी कसे काढायचे हे मला एकाने करून दाखवले होते, दुसऱ्यांदा माझा हात धरून करवून घेतले होते आणि तिसऱ्यांदा माझ्या मागे उभे राहून पाहिले होते. वाईट बातमी कशी सांगायची, हे मात्र कोणी एकदाही दाखवले नव्हते. हेही एक कौशल्यच आहे आणि ते सुई टोचण्याइतकेच शिकवता व शिकता येते. हे कळायला मला फार वर्षे लागली.

रॉबर्ट बकमन, वॉल्टर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याची सहा टप्प्यांची पद्धत मांडली आणि ती जगभर शिकवली जाते. तिचा गाभा आपल्या वॉर्डाच्या भाषेत सांगतो. आधी जागा पाहा. स्वतंत्र खोली नसेल तर पडदा ओढा, मोबाइल बंद करा, आणि खाली बसा. उभा डॉक्टर निघण्याच्या बेतात आहे असेच रुग्णाला वाटते. मग बोलण्याऐवजी विचारा : ‘‘तुम्हाला आजाराबद्दल आतापर्यंत काय सांगितलं आहे?’’ या एका प्रश्नाने निम्मे काम होते, कारण समोरचा माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे हे कळल्याशिवाय त्याला पुढच्या पायरीवर नेता येत नाही. त्यानंतर त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे विचारा. सांगण्याआधी, ‘‘रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आला नाही,’’ असे एक वाक्य बोलून थांबा, म्हणजे मनाला सावरायला क्षणभर मिळतो. मग साध्या शब्दांत, थोडे थोडे सांगा. ‘मेटॅस्टॅसिस’ (कर्करोग शरीरात इतरत्र पसरणे) हा शब्द त्या घरात कोणाला कळणार नाही.

आणि मग गप्प राहा. सर्वांत अवघड भाग हाच आहे. ती बाई रडू लागली की आपल्याला आकडे, केमोथेरपीचे पर्याय, काहीही बोलून ती शांतता भरून काढावीशी वाटते. तसे करू नका. पाण्याचा पेला पुढे करा, ‘‘हे ऐकणं फार कठीण आहे, मला कळतंय,’’ एवढे म्हणा आणि तिचे रडणे होऊ द्या. शेवटी पुढचा बेत सांगितल्याशिवाय मात्र उठू नका. ‘आता करण्यासारखे काही नाही’ हे वाक्य आपल्या तोंडातून कायमचे जावे, असे मला तळमळीने वाटते, कारण ते खरेच नसते. आजार बरा करण्यासारखे काही नसेल, पण वेदना, दम, उलटी, झोप, तोंडातील फोड, पाठीवरील जखम, घरातील भीती, यांतील प्रत्येक गोष्टीसाठी करण्यासारखे पुष्कळ असते.

तुम्हाला कदाचित असे सांगितले जाईल की हे सगळे उपचार हरल्यानंतरचे आहे. याला उत्तर देणारा एक अभ्यास प्रत्येक निवासी डॉक्टरला माहीत असायला हवा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच निदान झालेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला त्याच उपचारांच्या जोडीने सुरुवातीपासून उपशामक उपचार दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाचे जगणे अधिक सुसह्य होते, नैराश्य कमी होते, अखेरच्या दिवसांत त्रासदायक उपचार कमी घेतले गेले, आणि तरीही ते अधिक काळ जगले : ८.९ महिन्यांच्या तुलनेत ११.६ महिने. तेव्हा वेदना कमी करणे हे शेवटच्या पानावरचे काम नाही. ते पहिल्या केसपेपरवर यायला हवे.

या शाखेची मुळे फार जुनी नाहीत. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि मग डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना त्यांचीच. दुखणाऱ्या हाडात मुलीच्या लग्नाचे कर्ज, देवावरचा राग आणि आपण ओझे झालो ही बोचणीही मिसळलेली असते. केवळ गोळी वाढवून ती वेदना का हटत नाही, हे या कल्पनेमुळे कळते. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत शांती आवेदना सदन हे तसेच हॉस्पिस सुरू झाले, आणि १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून केरळात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी रुग्ण सांभाळण्याची चळवळ उभी राहिली. केरळने २००८ मध्ये या विषयाचे धोरणही केले. उपशामक वैद्यकातील एमडी ही पदवी आपल्या देशात २०१० मध्ये मान्य झाली आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१२ मध्ये तिचे शिक्षण सुरू झाले. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. तुमच्यानंतरच्या तुकड्यांना तरी वर्गात हे ऐकायला मिळेल. पण वर्गात ऐकलेले वॉर्डात दिसले नाही तर विद्यार्थी वॉर्डाचेच अनुकरण करतो. राज्यभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षा ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून घेतल्या जातात, ते आपल्याच नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाचे हृदय तपासायला लावतो त्याचप्रमाणे रुग्णाशी बोलायलाही लावावे आणि त्याला गुण असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षेला जे येते तेच आपल्याकडे शिकले जाते.

तोवर तुम्ही काय कराल? इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्राथमिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. तिरुअनंतपुरमच्या पॅलियम इंडियासारख्या संस्थांत काही आठवडे राहून शिकता येते. एमडीनंतर ते जरूर करा. आणि उद्यापासून, कोणाच्या परवानगीशिवाय, तुमच्या खाटांवरील प्रत्येक रुग्णाच्या तपासणी तक्त्यावर नाडी, रक्तदाब आणि तापाच्या खाली वेदनेचा आकडा लिहायला लागा. आकडा लिहिला की तो कमी करावासा वाटतो. ज्या खाटेपाशी राऊंड लवकर सरकतो तिथे दुपारी परत जा, दोन मिनिटे बसा. इंटर्नला सोबत न्या. त्याला शिकवणारे आज तुम्हीच आहात.

ड्युटी रूममधील रडण्याबद्दल : पुढच्या वेळी एकट्याने रडू नका. त्या रुग्णाची परिचारिका, तुमचा सहनिवासी, कोणाशी तरी त्या रुग्णाविषयी बोला. परिचारिका हे ओझे तुमच्याहून अधिक वर्षे उचलत आल्या आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप असते.

प्रश्न : वडील ८४ वर्षांचे आहेत. दुसऱ्यांदा अर्धांगाचा झटका आला. अकरा दिवस ते व्हेंटिलेटरवर आहेत आणि शुद्ध नाही. मेंदूला फार इजा झाली असून सुधारणा होण्याची आशा नाही असे डॉक्टर सांगतात. मोठे बंधू म्हणतात की यंत्र काढणे म्हणजे आपल्या हाताने मारणे. मला त्यांचे हाल पाहवत नाहीत. ‘डामा’ घेऊन घरी नेता येईल असे कोणी तरी सांगितले. कायदा काय म्हणतो? आणि घरी आणले तर काय करायचे?
– नाशिक रोड

उत्तर : तुम्हा दोघा भावांना वडिलांविषयी एकच गोष्ट वाटते आहे, फक्त ती दोन बाजूंनी बोलली जाते आहे, हे आधी एकमेकांना सांगा. मग दोघांनी मिळून डॉक्टरांना बसून भेटण्याची वेळ मागा आणि विचारा : जास्तीत जास्त चांगले झाले तर वडील कोणत्या अवस्थेत घरी येतील? ते आम्हाला ओळखतील का? ही अवस्था त्यांनी स्वतः पत्करली असती का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे नसून तुमच्याकडे आहे. शेजारचे कोणी आजारी असताना ते काय म्हणाले होते, हे आठवून पाहा.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. विषारी इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे आपल्या देशात गुन्हाच आहे. पण सुधारणेची आशा नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार थांबवणे ही वेगळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्यासाठीची प्रक्रिया सोपी केली. त्यानुसार उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते. दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो, ते तपासते. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. कुटुंबाची संमती लागतेच आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. तुमच्या रुग्णालयाला ही प्रक्रिया सुरू करण्याची लेखी विनंती करा. बंधूंना सांगा की यात वडिलांना मारणारा आजार आहे. मुलगा नाही आणि डॉक्टरही नाहीत. (तुमच्या वडिलांना आता ते शक्य नाही, पण आपण स्वतः मात्र शुद्धीत असताना अखेरच्या उपचारांविषयीचे वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) करून ठेवू शकतो : दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आणि निर्णय कोणी घ्यावा त्या जवळच्या व्यक्तीचे नाव. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि एक महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी.)

‘डामा’ म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाणे. या कागदावर सही करून रुग्णाला नेले की पुष्कळदा हातात औषधांची चिठ्ठीसुद्धा येत नाही आणि वाटेत रुग्णवाहिकेतच धाप लागून सगळ्यांचे हाल होतात. तो मार्ग टाळा. घरी न्यायचेच ठरले तर अखेरच्या दिवसांचा उपचार लिहून दिलेला रीतसर डिस्चार्ज मागा : वेदना आणि धाप यांसाठी कोणते औषध, गिळता येत नसेल तर ते त्वचेखाली बारीक सुईने कसे द्यायचे, रात्री कोणाला फोन करायचा. कॉट खिडकीशी ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला, पाठ आणि टाचा पाहा. ओल्या कापसाने ओठ आणि तोंड पुसत राहा; शुद्ध नसताना चमच्याने पाणी किंवा पेज घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. अन्न बंद झाल्यामुळे माणूस जात नसतो, शरीर थांबू लागल्यामुळे त्याला अन्न नको असते. ही गोष्ट आपल्या घरांतील बायकांना फार जड जाते, म्हणून आईला ती हळुवारपणे आधीच सांगा. तुळशीच्या पानाने ओठांना लावलेला गंगेचा एक थेंब पुरेसा आहे.

शेवटी श्वासात घरघर येऊ शकते. तो आवाज ऐकणाऱ्याला असह्य होतो, पण शुद्ध नसलेल्या माणसाला त्याचा त्रास होत असेल असे आपण मानत नाही. कुशीवर वळवल्याने तो कमी होतो आणि औषधही देता येते. त्यांच्याशी बोलत राहा. नातवंडांना खोलीत येऊ द्या.

एक व्यावहारिक गोष्ट आजच करून ठेवा. मृत्यू घरी झाल्यास मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांचाच लागतो. तो नसला तर अमरधामला नेण्याच्या वेळी धावपळ होते आणि दुःखात भर पडते. तुमच्या भागातील फॅमिली डॉक्टरांना आत्ताच भेटून वडिलांची फाइल दाखवा, त्यांना एकदा घरी येऊन वडिलांना तपासायला सांगा, आणि रात्री-बेरात्री फोन आला तर ते येतील का, नसतील तर त्यांच्याऐवजी कोण येईल, हे त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. दोघा भावांपैकी तो फोन कोणी करायचा, हेही ठरवून ठेवा.